ऊन खाणाऱ्यांची मोजदाद

डंडीतल्या एका चौकात
एप्रिलचे तीन बुधवार मी माणसं मोजली.
पालिकेचं काम. पिवळं जाकीट,
तिकाटण्यावर तापमापक, आणि वाऱ्याचा वेग सांगणारी
चार वाट्यांची भिंगरी.

चौकात बाकं अकरा.
पोलादी, देखणी, बक्षीस मिळालेली.
सगळी पूर्वेला तोंड करून,
म्हणजे समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या
थेट दाढेत.
अकरा ते बारा : बाकांवर एक कबुतर.
बारा ते एक : तेही नाही.

माणसं होती. बाकांवर नव्हती, इतकंच.
बंद पडलेल्या बँकेच्या कोपऱ्याआड
तीन पायऱ्या आहेत, कुणी बसावं म्हणून न बांधलेल्या.
साडेअकराला तिथे ऊन उतरतं
आधी एका माणसाच्या मापाचं.
त्या मापाचे मिस्टर पेट्री आधीच येऊन थांबलेले असतात.
मग ऊन सरकतं, रुंदावतं,
रात्रपाळी संपवून आलेली नर्स,
बिनकोटाचा, बटाट्यांचा पुडा घेतलेला पोरगा,
झोफिया, जी बाबागाडी अशी वळवते
की बाळाच्या पायांवर ऊन आणि डोळ्यांवर सावली.
कुणी कुणाला सरका म्हणत नाही.
ऊन सरकतं, तशी माणसं सरकतात.

पायऱ्यांवर नऊ अंश.
बाकांपाशीही नऊच अंश.
मी दोनदा तपासलं.
फक्त इथे भिंगरी आळसावलेली
आणि तिथे पिसाळलेली.
एका नवात माणूस कोटाची बटणं सोडतो,
दुसऱ्या नवात मान खांद्यांत घालून पळतो.

प्रश्न पहिला : आत्ता तुम्हांला कसं वाटतंय?
उत्तराला सात चौकोन,
फार थंडपासून फार गरमपर्यंत.
पेट्री म्हणाले, वाईट नाही.
असा चौकोन नव्हता.
इकडे वाईट नाही म्हणजे उत्तम,
हे मला तिसऱ्या बुधवारी कळलं.
तोवर दोन बुधवार मी त्यांना
ना थंड ना गरम करून ठेवलं होतं.

आणि ऊब?
ती गरमच्या अलीकडे की पलीकडे?
आई म्हणायची, जरा उबेला बस,
तेव्हा तिने अंश सांगितले नव्हते.

प्रश्न दुसरा : तुम्ही इथे काय करत आहात?
वाट पाहणे, बोलणे, खाणे, इतर.
पेट्रींच्या हातात काही नव्हतं. ना पाव, ना पेपर.
डोळे मिटलेले, हनुवटी वर,
गालांवरच्या सुरकुत्या उलगडून वाळत घातल्यासारख्या.
मी खाणेवर खूण केली.
आमच्यात ऊन खातात.
साहेबांनी विचारलं असतं तर समजावलं असतं.
त्यांनी विचारलं नाही.

दक्षिणेला क्रेन उभी आहे.
चौदा मजले होणार, विद्यार्थ्यांच्या खोल्या.
एका दुपारी मी नकाशावर पेन्सिलीने
त्या चौदा मजल्यांची सावली पाडून पाहिली.
ती कुठवर आली, हे लिहायला
फॉर्मवर जागा नव्हती.
पेट्रींनाही सांगितलं नाही.
त्यांनी पेन्सिलीकडे पाहिलं, मग क्रेनकडे,
आणि घसा खाकरला.

शेवटच्या बुधवारी पावणेतीनला विचारलं त्यांनी,
काय म्हणतं तुमचं यंत्र?
नऊ.
नऊच? ते हसले,
त्याला म्हणावं, जरा बसून बघ.
आणि सरकले. स्वतः तापवलेल्या दगडावरून
एक वीत डावीकडे.

मोजणाऱ्याने बसायचं नसतं, असं नियमात आहे.
दगड कोमट होता. थर्मासमधला चहा संपला होता.
बोटांना हळूहळू बोटं फुटत होती.

तीन वाजता पान भरलं.
बाकांवर : शून्य.
पायऱ्यांवर माणसं पाच होती.
मी सहा लिहिलं.
अहवालात तेवढी एक चूक आहे.